ताटावरचा हट्ट की मनातला घाव?

गोठ्यातल्या बैलाने वैरण सोडली तर आपल्यापैकी कोणीही त्याला चाबूक मारून खायला लावत नाही. आपण त्याची जीभ बघतो, तोंडात फोड आला आहे काय ते पाहतो, खूर तपासतो, पोट दाबतो, काल त्याच्या खाण्यात काय आले आणि कोणी त्याला मारले काय याची चौकशी करतो. मुके जनावर बोलत नाही, म्हणून त्याचे न खाणे हेच आपण त्याचे बोलणे समजतो. परंतु घरातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने ताट दूर सारले की हे शहाणपण आपण विसरून जातो. "नखरे आहेत," "शाळेत जाऊन हेच शिकली," "दोन दिवस विचारू नका, भूक लागली की येईल," असे सल्ले चहूकडून येतात. कधी थप्पड बसते, कधी बळेच घास कोंबला जातो, कधी कोणा जाणत्याकडे नेऊन दृष्ट काढली जाते. या पानावर पिकांच्या आणि जनावरांच्या रोगांविषयी नेहमी लिहिले जाते. आज आम्ही अशा एका आजाराविषयी लिहीत आहोत की जो घरात शिरला तरी लाजेपोटी त्याचे नाव कोणी घेत नाही.

या आजाराला आहारविकार म्हणतात. त्याची मुख्य रूपे तीन. पहिल्यात माणूस जाणूनबुजून अन्न तोडत जातो, हाडे दिसू लागली तरी आपण जाड आहोत असेच त्याला वाटते. याचे डॉक्टरी नाव ॲनोरेक्सिया नर्व्होसा. दुसऱ्यात चोरून भराभर पुष्कळ खाणे आणि मग घशात बोटे घालून ओकून टाकणे किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणे असे चक्र चालते. याचे नाव बुलिमिया. तिसऱ्यात आवर न राहता खाणे होते, ओकणे नसते, पण खाल्ल्यावर मनाला खोल शरम वाटते. मुलींत हे विकार जास्त दिसतात, पण मुलगे सुटले आहेत असे मुळीच नाही. मानसिक आजारांपैकी ज्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत जास्त आहे अशा मोजक्या आजारांत ॲनोरेक्सियाची गणना होते. म्हणून याला नखरा म्हणणे फार महागात पडते.

हा आजार सिनेमा आणि मोबाइलने कालपरवा आणला असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्याने १६८९ साली क्षयरोगावर ग्रंथ लिहिला. खोकला नाही, ताप नाही, तरीही झुरत जाणाऱ्या एका तरुण मुलीची हकीकत त्यात आहे. पुढे १८७३ साली लंडनचे डॉक्टर विल्यम गल आणि पॅरिसचे डॉक्टर शार्ल लासेग या दोघांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, या विकाराचे नीट वर्णन केले. गल यांनी दिलेले नाव आजही चालते. बुलिमियाचे वर्णन लंडनच्याच जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली केले. मोबाइलवरच्या चित्रांनी आज या आगीत तेल ओतले आहे हे खरे, पण आग जुनी आहे.

आता मुद्द्याचे सांगतो. अशा माणसाला बरे करायचे तर "तू का खात नाहीस?" एवढेच विचारून भागत नाही. "तुझ्यावर काय गुदरले आहे?" हेही मनात धरून त्याच्याशी वागावे लागते. सगळ्यांच्या बाबतीत नाही, पण पुष्कळांच्या बाबतीत, ताटावर जो हट्ट दिसतो त्याच्या मागे जुना घाव असतो.

हे डॉक्टरांना कसे उमगले त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत सॅन दिएगो शहरात डॉक्टर व्हिन्सेंट फेलिटी हे १९८० नंतरच्या दशकात अतिलठ्ठ माणसांचे वजन उतरवण्याचे केंद्र चालवीत होते. वजन उतरत होते, उपाय लागू पडत होता. तरीही चमत्कार असा की ज्यांचे वजन चांगले उतरले तीच माणसे केंद्र सोडून जाऊ लागली. पीक जोमाने आले असताना शेतकऱ्याने शेत सोडून जावे तसा हा प्रकार. फेलिटी यांनी सोडून गेलेल्यांपैकी कित्येकांना बोलावून त्यांची जीवनकहाणी विचारली. तेव्हा एकामागून एक सांगू लागले की लहानपणी आपल्यावर लैंगिक अत्याचार झाला होता आणि तो बहुधा घरच्याच किंवा ओळखीच्या माणसाने केला होता. कित्येकींना अंगावरची चरबी ही भिंतीसारखी वाटत होती. आपण जाड असलो म्हणजे पुरुषांची नजर आपल्यावर पडत नाही, आपण सुखरूप राहतो, असे त्यांच्या मनाने ठरवून टाकले होते. डॉक्टर ज्याला रोग समजत होते तो त्या बायांच्या लेखी आसरा होता. आसरा काढून घेतल्यावर त्या पळाल्या यात नवल ते काय?

यातून पुढे मोठी पाहणी झाली. फेलिटी आणि डॉक्टर रॉबर्ट अँडा यांनी १७ हजारांहून अधिक प्रौढ माणसांना त्यांच्या बालपणाविषयी प्रश्न विचारले. पहिला अहवाल १९९८ साली निघाला. मारहाण, लैंगिक अत्याचार, सततचा पाणउतारा, हेळसांड, आईला होणारी मारझोड, घरातले दारूचे व्यसन, घरात कोणाचा मानसिक आजार किंवा आत्महत्येचा प्रयत्न, आईबापांची ताटातूट, घरच्या माणसाचा तुरुंगवास, असल्या गोष्टी ज्यांच्या वाट्याला जितक्या अधिक आल्या, तितके त्यांचे पुढचे आजारही अधिक, असे आढळले. वाचकहो, ही यादी पुन्हा एकदा वाचा. दारू आणि आत्महत्या यांची नावे वाचून आमच्या गावांतली घरे डोळ्यांपुढे येत नाहीत काय? कर्जापायी बापाने जीव द्यायला काढला, ती रात्र त्या घरच्या लेकराने उघड्या डोळ्यांनी पाहिलेली असते. आपण सावकाराचा आणि बँकेचा हिशोब करतो, त्या लेकराचा हिशोब कोणी करीत नाही.

आपल्या देशाची गोष्ट निराळी आहे असे समजून कोणी निश्चिंत राहू नये. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ मुलांना विचारले होते. त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचे सांगितले. मुलगे आणि मुली दोघांनीही सांगितले. आणि त्रास देणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक ओळखीचे किंवा ज्यांच्यावर विश्वास टाकावा असे होते.

मात्र येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. आहारविकार झालेल्या प्रत्येक मुलावर अत्याचार झालेला असतो असे नाही. काही घराण्यांतून या विकाराकडे कल येतो, काहींच्या स्वभावातच सारे काटेकोर करण्याचा ध्यास असतो, काहींच्या बाबतीत वजन उतरवण्याच्या साध्या खटाटोपातून विकार जडतो. म्हणून मुलगी जेवत नाही असे कानावर येताच त्या घरातल्या बापाकडे वा काकाकडे बोट दाखवणे हे पाप आहे. घाव असेलच असे धरायचे नाही, पण असू शकतो हे विसरायचे नाही. तसे वागले तर ज्याला घाव आहे त्याला आधार मिळतो आणि ज्याला नाही त्याचेही काही बिघडत नाही. आघाताची जाण ठेवून केलेली शुश्रूषा म्हणतात ती हीच.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. मनाचा घाव भरेपर्यंत अन्नाला थांबवता येत नाही. उपासमार स्वतःच मन बिघडवते. १९४४ आणि १९४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी एक प्रयोग केला. ३६ निरोगी तरुण स्वखुशीने पुढे आले. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आले आणि त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. मनाने धडधाकट असलेले ते तरुण चिडके, उदास आणि एकलकोंडे झाले. रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके वाचू लागले, ताटल्या चाटू लागले. पुढे पोटभर मिळू लागले तरी काहींना खाणे आवरेना. म्हणजे उपाशी मेंदूला उपदेश कळत नाही. त्याला आधी अन्न हवे.

पण तेही बेताने. दुष्काळात महिनोन् महिने कडब्याच्या काडीवर जगलेल्या बैलापुढे एकदम जोंधळ्याची पाटी ठेवली तर तो पोट फुगून दगावू शकतो हे आमच्या वाचकांना सांगायला नको. माणसाचेही तसेच आहे, कारण मात्र वेगळे. फार खंगलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घातले तर रक्तातले फॉस्फेटसारखे क्षार झपाट्याने उतरतात आणि हृदय बंद पडू शकते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी सुटलेल्या उपाशी कैद्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी हे पाहिले. म्हणून पोर फारच वाळली असेल तर घरी तूप-शिऱ्याचा मारा न करता तिला दवाखान्यात न्यावे आणि रक्त तपासत तपासत तिचे खाणे वाढवावे.

कोणती चिन्हे दिसली तर उठावे? वजन झपाट्याने उतरणे, पाळी बंद होणे, चक्कर येणे, हातपाय सदा गार राहणे, नाडी मंद चालणे, अंगावर बारीक लव येणे. जेवण झाल्याबरोबर मोरीत जाणे, दात झिजणे, कानाखालचे गाल सुजणे, बोटांच्या सांध्यांवर दातांचे व्रण पडणे. डब्यातले अन्न नाहीसे होणे किंवा अंथरुणाखाली सापडणे. चक्कर येऊन पडणे, छातीत धडधडणे किंवा मरणाची भाषा करणे असे काही झाले तर त्याच दिवशी जावे. आणि आधी शरीराची तपासणी करून घ्यावी. क्षय, मधुमेह, थायरॉइडचा विकार यांनीही माणूस वाळतो. पोटाचा रोग मनावर ढकलू नये आणि मनाचा पोटावरही ढकलू नये.

दवाखान्यातही वागण्याची रीत असते. मॅक्सिन हॅरिस आणि रॉजर फॅलट यांनी २००१ साली आणि पुढे २०१४ साली अमेरिकी सरकारच्या सॅम्सा या संस्थेने ही रीत नीट मांडली. तिचे सार साध्या शब्दांत असे: माणसाला आधी निर्भय वाटू द्या, काय करणार ते आधी सांगा, जे शक्य आहे ते त्याच्याशी विचारविनिमय करून करा, आणि उपचाराच्या नावाखाली जुना घाव पुन्हा उघडू नका. म्हणजे प्रत्यक्षात काय? अंगाला हात लावण्याआधी विचारायचे. मुलीला तपासताना विश्वासाची बाई जवळ ठेवायची. वजन कशासाठी करतो ते सांगायचे आणि आकडा पाहून ती घाबरत असेल तर काट्याकडे पाठ करून उभे राहू द्यायचे. नाकातून नळी घालून अन्न देण्याची वेळ आलीच तर आधी समजावून सांगायचे. जिच्यावर कोणी एके काळी बळजबरी केली, तिच्या तोंडात बळजबरीने घास कोंबला तर तिच्या मनाला दोन्ही बळजबऱ्या सारख्याच वाटतात. आपण तिला जेवू घालतो आहोत अशा समजुतीत असतो, ती मात्र पुन्हा त्याच अंधाऱ्या खोलीत गेलेली असते.

घरच्यांनी काय करावे? पूर्वी कित्येक डॉक्टरांचे मत असे होते की घरची माणसे ही सर्वांत वाईट शुश्रूषा करतात, मुलीला त्यांच्यापासून दूर ठेवावे. खुद्द गल यांचाही कल तसाच होता. पण १९८० नंतरच्या दशकात लंडनच्या मॉड्सले रुग्णालयात रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी आईबापांनाच उपचारात घेतले आणि कोवळ्या वयाच्या रुग्णांना त्याचा चांगला गुण आला. तेव्हा आईबापहो, तुम्ही गुन्हेगार नाही, तुम्ही औषध आहात. ठरल्या वेळी सगळ्यांनी एकत्र जेवायला बसावे. अन्न हे औषधासारखे शांतपणे आणि न चुकता वाढावे. भाकरी की भात एवढी निवड तिच्यावर सोडावी, पण जेवायचे की नाही ही निवड आजाराच्या हाती देऊ नये. ताटावर दारूचा, कर्जाचा, परीक्षेच्या गुणांचा विषय काढू नये. मारू नये. तिच्या शरीरावर एक शब्दही बोलू नये, चांगलाही नाही. जेवण झाल्यावर तासभर कोणीतरी तिच्याजवळ बसावे, गप्पा माराव्यात, शेंगा सोलाव्यात.

परंतु त्या घरातच भय असेल तर? ज्याच्या शेजारी बसून जेवायचे त्याच माणसाने तिला छळले असेल तर एकत्र जेवण हे औषध राहत नाही. तेथे आधी त्या माणसाला दूर केले पाहिजे. मुलीला दूर धाडून त्याला घरात ठेवण्याची आमच्याकडची चाल अन्यायाची आहे. मुलगी कधी एक वाक्य बोलून गेली तर "असे बोलू नये, घराची अब्रू जाईल," म्हणून तिचे तोंड दाबू नका. खोदखोदून विचारूही नका. "सांगितलेस ते बरे केलेस, तुझी यात काही चूक नाही, आता आम्ही बघतो," एवढे म्हणा आणि खरोखरच बघा. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे, न कळवणे हाच गुन्हा आहे. हा कायदा मुलग्यांनाही लागू आहे. आणि धर्मगुरू, धर्मभगिनी, वसतिगृहाचे चालक यांपैकी कोणीही त्याच्या बाहेर नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली ख्रिस्तसभेच्या आतही असे प्रकार कळवणे धर्मगुरूंना बंधनकारक केले. आमच्या झग्याच्या आड कोणी लपू नये असे आम्हालाच सर्वांआधी वाटले पाहिजे.

आता आमच्या धर्मजीवनाशी ज्याचा थेट संबंध येतो तो उपवास. आहारविकार झालेली मुलगी पुष्कळदा उपवासाच्या आड दडते आणि आपण तिच्या भक्तीचे कौतुक करतो. सिएनाची संत कॅथरीन (१३४७ ते १३८०) हिची हकीकत विचार करण्यासारखी आहे. ती पंधराच्या सुमारास असताना तिची आवडती थोरली बहीण बाळंतपणात वारली आणि आईबापांनी त्याच मेहुण्याशी तिचे लग्न लावण्याचे मनात आणले. तेव्हा तिने अन्न कमी केले आणि केस कापून टाकले. पुढे तिला अन्न पचेनासे झाले, धर्मगुरूंनी तिला खाण्याची आज्ञा केली होती, आणि ३३ व्या वर्षी ती गेली. तिच्या संतपणाला आम्ही आजार म्हणत नाही. पण तिचे अनुकरण म्हणून आपल्या मुलींनी उपाशी राहावे असे ख्रिस्तसभेने कधीही सांगितलेले नाही. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे उपवासाचे बंधन वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच आहे. आजाऱ्यांना ते नाही. ज्या मुलीला हा विकार आहे तिच्यासाठी राखेच्या बुधवारी व शुभ शुक्रवारी वेळेवर जेवणे हाच त्याग होय. प्रभू येशूने याईराच्या बारा वर्षांच्या मुलीला उठवले तेव्हा आधी रडणाऱ्या-हसणाऱ्या गर्दीला बाहेर काढले, तिचा हात धरला आणि मग तिला खायला द्या असे आईबापांना सांगितले. गर्दी बाहेर, हात हातात आणि मग घास, हा क्रम आम्हाला फार बोलका वाटतो.

आमचे मत असे की एवढ्यावर थांबू नये. आमच्या धर्मग्रामात काही गोष्टी ठरवून बंद झाल्या पाहिजेत. लग्नाच्या मांडवात आणि मिस्सेनंतर अंगणात मुलींच्या जाडीविषयी व रंगाविषयी बोलणे बंद व्हावे. वसतिगृहात ताट संपेपर्यंत सर्वांदेखत उभे करण्याची शिक्षा बंद व्हावी. वसतिगृहात आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना जिच्यापाशी मन मोकळे करता येईल अशी एक जाणती बाई असावी आणि तिचे नाव मुलांना ठाऊक असावे.

मदत फार दूर नाही. सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री फुकट बोलता येते. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय विचारावी. बेळगाव भागातील वाचकांना धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था जवळ पडते. तेथे गेल्याने पोरीचे लग्न मोडेल ही भीती आम्ही जाणतो. पण लग्न ठरायला पोर जगली पाहिजे. आणि जी जगली, सावरली, तिच्याविषयी गावाने तोंड आवरले पाहिजे. हे दुसरे काम डॉक्टरांचे नाही, तुमचे-आमचे आहे.